मी दुभाष्या होतो तेव्हा

माझ्या मामाला वाघानं नेलं तेव्हा मी सातवीत होतो. चैताचे दिवस. पहाटेच्या अंधारात मामा टोपली घेऊन मोह वेचायला गेला तो परत आलाच नाही. नागभीड, सिंदेवाही, ब्रम्हपुरी या पट्ट्यात ही गोष्ट कुणाला नवी नाही. मोहाचा हंगाम आला की बाया-माणसं वाकून फुलं वेचतात, आणि वाकलेलं माणूस वाघाला जनावरासारखं दिसतं, असं आमच्याकडे म्हणतात. आजही मार्च ते मे या महिन्यांत पेपरात तशा बातम्या येतात.

मामा गेला आणि माझ्या मायनं हाय खाल्ली. जेवण सुटलं. रात्री उठून दाराशी बसायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "भाऊ अजून घरी नाई आला जी." माझ्या आजीच्या वयाची एक बुढी शेजारी राहायची. गावच्या माणसांनी मामा जिथे पडला तिथे एक दगड मांडून शेंदूर लावला होता. एके दिवशी ती बुढी मायला हाताला धरून तिथे घेऊन गेली. सोबत नारळ, हळदकुंकू आणि मामाला आवडायची ती भाकर. माय तिथे पोटभर रडली. परत आली ती चूल पेटवूनच बसली. एकदम बरी झाली असं नाही. पण दाराशी बसणं थांबलं.

याला कुणी उपचार म्हटलं नाही. आमच्या जिल्ह्यातल्या ताडोबाच्या जंगलाचं नावच मुळी अशा एका मेलेल्या माणसाचं. तारू नावाचा गोंड पुढारी वाघाशी झुंजताना मेला, त्याचं ठाणं तलावाकाठी झालं, आणि पुढे तो देव झाला, असं जुने लोक सांगतात. पौषात तिथे लोक दर्शनाला जायचे. दुःख कुठे ठेवायचं याची एक जागा लोकांनी करून ठेवली होती, एवढंच मला आज म्हणायचं आहे.

हे सगळं मला माहीत होतं. घरातच पाहिलं होतं. आणि तरी पुढे मी जी चूक केली, ती केलीच.

* * *

मी मास्तर म्हणून नोकरीला लागलो 1981 साली. नेमणूक मिळाली भामरागडकडच्या जंगलात. तेव्हा सगळा मिळून एकच चंद्रपूर जिल्हा होता. दुसऱ्याच वर्षी, 26 ऑगस्ट 1982 ला, गडचिरोली वेगळा झाला आणि आम्ही नव्या जिल्ह्यात गेलो. सोबतचे बरेच जण बदली करून चंद्रपूरकडे परतले. मी राहिलो. थोडं लग्न व्हायचं होतं म्हणून, थोडं ते गाव आवडलं म्हणून.

पावसाळ्यात पर्लकोटा नदी भरली की भामरागड तुटायचं. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्या तिथे मिळतात; पलीकडे बस्तर. आलापल्लीहून निघालेली एस.टी. कधी पोचेल याचा नेम नसायचा. गाव माडियांचं. पोरं माडिया बोलायची, पुस्तक मराठीत. पहिली दोन वर्षं मी पोरांकडूनच शिकलो. माडिया ही गोंडीचीच बहीण, द्रविड कुळातली. मराठीशी तिचं नातं नाही. तिच्यात अहो-जाहो नाही. कलेक्टर आला तरी 'तू', मास्तर आला तरी 'तू'. सुरुवातीला कानाला खटकायचं, मग बरं वाटायला लागलं.

बोली थोडी यायला लागली आणि मी आपोआप दुभाष्या झालो. फॉरेस्टचा कागद आला की बोलवा गुरुजीला. तलाठी आला की बोलवा गुरुजीला. सुई टोचायला नर्सबाई आल्या की बोलवा गुरुजीला. मलाही त्याचा अभिमान होता, खोटं कशाला सांगू.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. माझ्या शाळेतला एक पोरगा महिनाभर आला नाही. चौकशी केली तर कळलं, त्याची माय 'बिघडली'. बाप आदल्या वर्षी तेंदूपानाच्या हंगामात दूर कामाला गेला होता. तिथेच ताप डोक्यात चढला आणि तो मेला. लोकांनी त्याला तिकडेच माती दिली. बाई आता रात्री झोपत नव्हती. चुलीजवळ पानावर भात वाढायची, शेजारी जागा ठेवायची, आणि बोलत बसायची. दिवसा मात्र गप्प. अंग नुसतं काडी झालेलं. रोवणीचे दिवस आले तरी ती बांधीत उतरली नाही.

मी पुढाकार घेतला. तिला, तिच्या दिराला आणि पोराला घेऊन दूरच्या शहरातल्या एका मोठ्या इस्पितळात गेलो. जायला दोन दिवस लागले. डॉक्टर माणूस चांगला होता, तरुण होता, पण बाहेर रांग लागली होती. त्यानं मराठीत प्रश्न विचारायचे, मी माडियात विचारायचे, तिनं उत्तर द्यायचं, मी मराठीत सांगायचं. असे दहा मिनिटं चाललं.

"काही दिसतं का?"

"नवरा दिसतो म्हणते."

"तो मेलेला ना?"

"हो. वर्ष झालं."

"आवाज ऐकू येतात का?"

"ऐकू येतात म्हणते. तो बोलतो तिच्याशी."

"काय बोलतो?"

ती बरंच बोलली. मला अर्धं कळलं. त्यात 'घर' होतं, 'दगड' होता, 'जेवण' होतं. मागे रांग होती. मी एका वाक्यात उरकलं: "घरात घे म्हणतो, असं सांगते."

डॉक्टरांनी मान हलवली आणि कागदावर लिहिलं. गोळ्या दिल्या. त्या कडक होत्या. गावी आल्यावर बाई झोपायला लागली, ती दिवसाही झोपायला लागली. तोंडातून लाळ गळायची, हात थरथरायचे. पोरगा तिला भरवायचा. शाळेत तो आलाच नाही.

पंधरा दिवसांनी गावचा म्हातारा गायता माझ्या दारात येऊन बसला. देवाधर्माचं, जमिनीचं, मयताचं बघणारा तो. बिडी पेटवली आणि म्हणाला, "गुरुजी, तू डॉक्टरला दगडाचं सांगितलं का?"

मी म्हटलं, "कोणत्या दगडाचं?"

तो माझ्याकडे बघतच राहिला.

* * *

तो जे बोलला ते समजायला मला त्या गावात दहा वर्षं काढूनही वेळ लागला होता, याची आज लाज वाटते. माडियांच्या गावाबाहेर रस्त्याच्या कडेला उभे दगड मी रोज बघत होतो. काही लहान, काही माणसाहून उंच. मी त्यांना 'स्मशानातले दगड' म्हणायचो. पण मेलेल्या माणसाचा तो नुसता खुणेचा दगड नव्हता. माणूस मेला म्हणजे लगेच गेला असं नाही. त्याला आपल्या आधीच्यांत, आपल्या कुळाच्या पेनाजवळ पोचवावं लागतं. त्यासाठी दगड उभा करायचा, नातेवाईक बोलवायचे, ढोल वाजवायचे, जनावर द्यायचं, गावाला जेवण घालायचं. ते झालं की मेलेला ठिकाणावर लागतो आणि जिवंत मोकळे होतात. यात खर्च होतो. म्हणून कधी वर्ष, कधी दोन वर्षं, कधी त्याहूनही जास्त काळ दगड राहून जातो.

या बाईचा नवरा परमुलखात मेला, परमुलखात पुरला. दोन वर्षं धान नीट झालं नव्हतं. दगड राहिला होता. ती त्याला रोज भात वाढत होती, कारण तो अजून तिच्याच जबाबदारीवर होता. तो 'घरात घे' म्हणत होता, म्हणजे आपल्या लोकांत घे, असं म्हणत होता. आणि ती त्याला काय सांगत होती? थांब, पीक येऊ दे.

तिनं हे सगळं डॉक्टरला सांगितलं होतं. मध्ये मी होतो.

म्हणून मी म्हणतो, चूक डॉक्टरपेक्षा माझी मोठी. त्याला माडिया येत नव्हती, मला येत होती. त्याच्या मामाला वाघानं नेलं नव्हतं, माझ्या मामाला नेलं होतं. माझी माय दाराशी बसायची तेव्हा तिला कुणी 'काही दिसतं का' असं विचारलं असतं तर तीही हो म्हणाली असती.

पुढचं थोडक्यात सांगतो. मी पुन्हा त्या शहरात गेलो, एकटाच. डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि हे मी मुद्दाम लिहितो. त्यांनी कागद नव्यानं लिहिला. कडक गोळ्या कशा कमी करत न्यायच्या ते समजावलं. पण एक गोळी चालू ठेवली. म्हणाले, "गुरुजी, दुःख खरं आहे ते मान्य. पण बाई जेवत नाही, झोपत नाही, वजन उतरलंय, हेही खरं आहे. दोन्ही बघावं लागेल." तेव्हा मला ते आवडलं नव्हतं. मला वाटलं होतं, दगड उभा केला की झालं. आज वाटतं, त्यांचं बरोबर होतं.

गावानं तांदूळ गोळा केला. कुणी पायली दिली, कुणी कोंबडा दिला. माघात दगड उभा राहिला. तिनं स्वतः रांधलं. पुढच्या रोवणीला ती बांधीत होती. पोरगा मात्र वर्षानं मागे पडला तो पडलाच; सातवीनंतर शाळा सुटली. त्याचा हिशेब माझ्या नावावर आहे.

* * *

या प्रसंगानंतर मी याबद्दल जिथे मिळेल तिथून वाचत आणि विचारत गेलो. तेव्हा कळलं की आमची गोष्ट फार जुनी आहे. व्हेरियर एल्विन यांनी 1943 साली बस्तरमधल्या मारियांच्या खून आणि आत्महत्यांवर एक अख्खं पुस्तक लिहिलं. इंद्रावतीपलीकडची ती माणसं, आमच्या माडियांची नातलगच. शंभर खुनांची प्रकरणं त्यांनी तपासली. कोर्टाच्या कागदावर जे 'क्षुल्लक कारण' दिसतं, त्याच्यामागे अपमान असतो, जादूटोण्याची भीती असते, थकवा असतो, दारू असते, हे त्यांनी दाखवलं. म्हणजे जंगलातल्या माणसाचं मन समजून घेण्याचा आपल्याकडचा एक मोठा खटाटोप झाला, तो खुनाच्या फायलींतून. आजारी पडल्यावर नाही, गुन्हा झाल्यावर.

सरकारच्या दप्तरात राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला 1982 साली, म्हणजे आमचा जिल्हा झाला त्याच वर्षी. जिल्हा पातळीवरचा कार्यक्रम 1996 मध्ये सुरू झाला. पण आमच्या भागात 'डोक्याचा आजार' म्हणजे नागपूरचं मनोरुग्णालय, हेच समीकरण होतं. भामरागडहून गडचिरोली दीडशे किलोमीटरहून लांब, तिथून नागपूर पुन्हा तेवढंच. तिथे गेलेला माणूस परत येतो तेव्हा तो कुणाचा राहत नाही, असं लोक मानायचे. म्हणून लपवायचे.

दुसरी वाटही याच जिल्ह्यात निघाली. 1973 साली बाबा आमटे यांनी हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तिथे राहिले, माडिया शिकले, झाडाखाली पेशंट तपासले. त्यांच्याकडे दुभाष्या लागत नव्हता. माझ्यासारख्याला ही गोष्ट पटकन दिसली नाही, कारण मी स्वतःलाच मोठा समजत होतो.

1986 मध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग गडचिरोलीत आले आणि 'सर्च' सुरू झाली. त्यांनी आदिवासींना विचारलं, तुम्ही दवाखान्यात का येत नाही? उत्तरं अशी आली: इमारत मोठी, आम्ही हरवतो. बोली कळत नाही. आमच्या माणसांना आत राहू देत नाहीत. पांढऱ्या कपड्यातली माणसं फिरतात, आम्ही पांढऱ्यात मढं गुंडाळतो. आणि तिथे देव नाही. मग धानोरा रस्त्यावरच्या शोधग्राममध्ये दवाखाना झाला तो गावासारखा, झोपड्यांचा. नातेवाइकांना पेशंटजवळ राहता येईल असा. नाव ठेवलं माँ दंतेश्वरीचं, कारण ती त्या लोकांची देवी.

मी तो दवाखाना पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला त्या बाईचा दीर आठवला. मोठ्या इस्पितळात त्याला वॉर्डाबाहेर हाकललं होतं आणि तो दोन रात्री जिन्याखाली बसून होता.

पुढे कळलं, जगात इतर ठिकाणीही माणसं याच वाटेनं गेली. नायजेरियात 1950च्या दशकात डॉ. लॅम्बो यांनी अबेओकुटाजवळच्या अरो इथे मनोरुग्णांना वॉर्डात कोंडण्याऐवजी आसपासच्या गावांत, नातेवाइकांसोबत ठेवलं; दिवसा उपचार, रात्री गावात. देवऋषींशीही त्यांनी बोलणं ठेवलं. झिम्बाब्वेत 2006 पासून डॉ. डिक्सन चिबांडा यांनी म्हाताऱ्या बायांना शिकवून दवाखान्याच्या अंगणात बाकावर बसवलं. तिथल्या शोना भाषेत उदासीला जो शब्द आहे त्याचा अर्थ 'फार विचार करणं'. त्या आज्या तोच शब्द वापरतात. मला माझ्या शेजारची बुढी आठवली. आणि आपला 'हाय खाणे' हा शब्दही. किती नेमका आहे तो! माणूस अन्न सोडतो आणि हाय खातो. कुठल्या केसपेपरवर मी तो लिहिलेला पाहिला नाही.

न्यूझीलंडमध्ये माओरी लोकांत याला एक नावच मिळालं. 1988 साली एका बैठकीत परिचारिकेचं शिक्षण घेणाऱ्या पहिल्या वर्षाच्या माओरी मुलीनं विचारलं: तुम्ही म्हणता नर्सच्या हातून पेशंट सुरक्षित राहायला हवा, मग आमच्या चालीरीतींच्या सुरक्षिततेचं काय? इरिहापेटी रॅम्सडेन या माओरी परिचारिकेनं तो विचार पुढे नेला आणि 1992 पासून तो तिथल्या नर्सिंगच्या शिक्षणात आला. त्यातली एक गोष्ट मला फार पटली. सेवा सुरक्षित आहे की नाही, हे देणाऱ्यानं ठरवायचं नाही, घेणाऱ्यानं ठरवायचं. मी इस्पितळातून परत येताना एस.टी.त स्वतःवर खूश होतो. ठरवायचं तर त्या बाईनं होतं.

* * *

आता हे वाचून कुणी म्हणेल, म्हणजे पुजारी-भगत सगळे चांगले, आणि डॉक्टर नको. तसं मी म्हणत नाही. त्याच भागात मी फिट येणाऱ्या पोराला तापल्या लोखंडाचे डाग दिलेले पाहिले आहेत. एका एकट्या विधवेवर 'ही करते' म्हणून बोट दाखवलेलं पाहिलं आहे. ती रातोरात गाव सोडून गेली. तिचंही मन होतं. तिच्या मनाचं समुपदेशन कोण करणार होतं? महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला 2013 साली, तोवर अशा किती बाया गेल्या असतील. रीत आपली आहे म्हणून ती प्रत्येकाला सुरक्षित असते असं नाही.

पण फिट येणाऱ्या दुसऱ्या एका पोराला त्याच म्हाताऱ्या गायत्यानं माझ्याकडे पाठवलं होतं. म्हणाला, "माझं मी केलं. हे माझ्या हातचं नाही. तू ने." त्याच्या शब्दावर घरच्यांनी गोळी सुरू केली आणि सोडली नाही. मी सांगून ते झालं नसतं. नर्सबाई सांगून झालं नसतं. म्हणून त्याला टाळून पुढे जाता येत नाही, आणि सगळं त्याच्यावर टाकूनही चालत नाही.

दारूचंही तसंच. मोहाची दारू देवाला लागते, मयताला लागते. ती नुसती नशा नाही. पण विकत घेऊन रोज ढोसायची दारू वेगळी, आणि हा फरक बायांना बाहेरच्यांपेक्षा जास्त कळत होता. त्यांच्याच रेट्यानं गडचिरोलीत 1993 साली दारूबंदी झाली. 2016 पासून 'मुक्तिपथ'चं काम सुरू झालं, तेही गावागावांच्या ठरावांतून आणि व्यसन सोडू बघणाऱ्यांना उपचार देत. शेजारच्या चंद्रपुरात बंदी 2015 ला आली आणि 2021 ला उठली. दारूबंदी असावी की नसावी यावर माणसं भांडतात. मला एवढंच दिसतं की पिणारा का पितो हे त्याच्या बोलीत विचारणारं माणूस जिथे होतं, तिथे काही घरं सावरली.

मानसिक आरोग्याचा नवा कायदा 2017 साली झाला. त्यात लिहिलं आहे की उपचाराची संमती घेताना माणसाला समजेल अशा भाषेत आणि अशा रीतीनं माहिती द्यायची. 'भाषेत' आणि 'रीतीनं', दोन्ही शब्द आहेत. मी ते दोन शब्द वाचले तेव्हा निवृत्त झालो होतो. आता 14416 हा सरकारी फोन नंबरही आहे, रात्री-बेरात्री बोलता येतं. जिथे रेंज आहे तिथे. आणि पलीकडच्याला माडिया आली तर.

शाळा सुटलेला तो पोरगा आता बापमाणूस आहे. त्याची मुलगी नर्सिंग शिकते. मागच्या वर्षी ती मला भेटायला आली. 'गुरुजी' म्हणाली आणि सवयीनं 'तू'च म्हणाली. तिला वॉर्डात दुभाष्या म्हणून बोलवतात, कारण माडिया येणारी ती एकटीच. मला म्हणाली, "घाई असते. किती सांगायचं कळत नाही."

मी तिला तिच्या आजीची ही सगळी गोष्ट सांगितली. माझी चूकही सांगितली. तिला बाप-आजीकडून दगडाचं माहीत होतं, माझ्याबद्दलचं माहीत नव्हतं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आजी तुझ्यावर कधी रागावली नव्हती."

मी म्हटलं, "पण तिला कुणी विचारलंही नव्हतं ना."

जाताना तिला एवढंच सांगितलं: पेशंट चार वाक्यं बोलला आणि तुझ्या तोंडून एकच निघालं, तर थांब. डॉक्टरला म्हण, साहेब, अजून आहे. रांग ओरडू दे.